गेटवेच्या आधीचा पालवा

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर अख्खा दिवस भटकायचं तर पहाटे ससून डॉक, दुपारी गेटवे आणि संध्याकाळी भाऊचा धक्का असा क्रम धरावा. निघण्यापूर्वी एक गोष्ट माहीत असलेली बरी: या वाटेवरची बरीचशी जमीन समुद्रात भराव घालून मिळवलेली आहे.

ससून डॉक १८७५ चा, अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने बांधलेला. कापसाच्या व्यापाराने शहर श्रीमंत झालं होतं, मोठ्या बोटी धक्क्याला लागायला सोय मात्र नव्हती. आज तिथे मासळी उतरते. दिवस उजाडायच्या आत जा. बर्फाचा चुरा, पाट्यांची ओढाताण, लिलावाचा गलका आणि ओल्या फरशीवर ओळीने बसून कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे न थांबणारे हात, हे सगळं नऊ वाजेपर्यंत ओसरलेलं असतं.

गेटवेच्या जागेला जुनी माणसं पालवा बंदर म्हणत. या नावाचा उगम कुणी पालव नावाच्या होडीत शोधतात, कुणी पल्ला माशात. साहेबाच्या तोंडी त्याचं ‘अपोलो’ झालं. ग्रीक देवाचा इथे काहीही संबंध नाही आणि गाईडने हे आवर्जून सांगायला हवं असं मला वाटतं. कोळ्यांचा हा साधा धक्का पुढे गव्हर्नर आणि बडे पाहुणे उतरण्याची जागा बनला. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी इथेच उतरले. कमानीवर कोरलेला मजकूर त्याच दिवसाचा आहे, पण तेव्हा कमान नव्हतीच. पायाचा दगड १९१३ चा, जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर झाला १९१४ साली. त्यानंतर काही वर्षं नुसता भराव टाकण्यात गेली. ९ जानेवारी १९१५ रोजी दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधीजी याच बंदरावर उतरले, तेही कमानीविनाच. पिवळसर बेसाल्टची ही वास्तू ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. पुरती चोवीस वर्षंही झाली नाहीत, तोच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिशांची शेवटची पलटण हिच्याखालून मायदेशी गेली.

समोरचं ताज मात्र गेटवेहून जुनं, १९०३ चं. त्याच्या आराखड्यात सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाचा मोठा वाटा होता.

भाऊचा धक्का मला सगळ्यांत जवळचा. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, पाठारे प्रभू. पूर्वी कोकणातून येणाऱ्यांना चिखल तुडवत किनारा गाठावा लागे. ते हाल पाहून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी इथे भराव घालून धक्का बांधला. सरकारी कागदांत तो ‘फेरी वार्फ’ झाला, लोकांनी भाऊंचं नाव सोडलं नाही. गिरणीत कामाला आलेल्या कितीतरी कोकणी माणसांचं मुंबईतलं पहिलं पाऊल बोटीतून याच धक्क्यावर पडलं. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी इथूनच ‘रामदास’ बोट रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. संध्याकाळी रेवसची लाँच सुटताना तिकडे, दक्षिणेला, एकदा पाहा.