‘शेवट गुंडाळलाय’ : भयकादंबरीच्या वाचकाची जुनी तक्रार

भयकादंबरी वाचून परत करताना कोल्हापूरच्या वाचनालयांत ऐकू येणारं वाक्य ठरलेलं आहे: ‘सुरुवात लई भारी, पण शेवट गुंडाळलाय.’ नेमकं काय गुंडाळलं, असं विचारलं की दोन उत्तरं मिळतात. एक म्हणतो, सगळा उलगडा करून भीतीच घालवली. दुसरा म्हणतो, शेवटी झालं काय तेच कळलं नाही. पुस्तक एकच असलं तरी दोघांचं म्हणणं खरं असू शकतं, कारण दोघं वेगवेगळ्या परंपरेतून वाचायला बसलेले असतात.

तक्रार फक्त मराठी वाचकाची नाही. इंग्रजीतली पहिली गॉथिक, म्हणजे जुन्या किल्ल्या-वाड्यांतल्या भयाची, कादंबरी मानली जाते ती होरेस वॉलपोलची, 1764 सालची. जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर म्हणून ती छापली गेली, तेव्हा तिच्यातले चमत्कार खपून गेले. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत वॉलपोलनं ‘हे मीच लिहिलंय’ असं कबूल केलं, आणि आधी सांभाळून घेणाऱ्या समीक्षकाचा सूर पालटला. जुन्या काळच्या अडाणी माणसाची म्हणून चालणारी भुतं आजच्या शहाण्या माणसानं लिहिली तर चालेनात. 1794 मध्ये अ‍ॅन रॅडक्लिफनं उलटी वाट धरली. काळ्या पडद्याआड काय आहे, या धाकात वाचकाला शेकडो पानं ठेवलं आणि अखेरीस तो मेणाचा पुतळा निघाला. ‘एवढ्यासाठी घाबरवलंत?’ ही वाचकाची चीड तेव्हापासूनची आहे.

आपल्याकडे भीतीचा विचार याहून कितीतरी जुना. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाची कारणं दिली आहेत: विकृत आवाज, भुतांचं दर्शन, कोल्हे आणि घुबडं, अरण्य, ओसाड घर. आजच्या कुठल्याही भयकादंबरीचा पहिला अंक यातूनच उभा राहतो. स्तंभ (जागीच थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद (आवाज बदलणं), वेपथु (कापरं), वैवर्ण्य (रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं) हे आठ सात्त्विक भाव म्हणजे घाबरलेल्या माणसाच्या अंगावर काय काय दिसतं याची जवळपास पूर्ण यादी. नट हे भाव प्रेक्षकासमोर अंगावर आणून दाखवतो. पुस्तकाला ती सोय नाही. सिनेमा अचानक आवाज काढून दचकवतो, पण छापलेलं अक्षर दचकवू शकत नाही, कारण पान किती वेगानं वाचायचं हे वाचकाच्या हातात असतं. म्हणून कादंबरीला एकच रस्ता उरतो, तो म्हणजे उशीर लावण्याचा. दार उघडण्याआधीचं पान जितकं नेटकं, तितका वाचक आपणहून सावकाश होतो.

मराठी छापील कथा सुरुवातीपासूनच अद्भुताच्या अंगानं वाढली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणायला 1861 मध्ये सुरुवात केली, आणि त्याच साली हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली. कोल्हापुरात तोवर वाचनालय होतं. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना 1850 सालची. पुढे 1945 मध्ये कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तो मद्रासच्या कायद्याच्या 3 वर्षं आधी आणि महाराष्ट्राच्या कायद्याच्या 22 वर्षं आधी. भयकथेच्या इतिहासात हे सांगायचं कारण असं की हा वाचनप्रकार मुख्यतः वाचनालयावर जगला. अशी कादंबरी लोक एकदा वाचतात, परत करतात आणि दुसरी मागतात. शेवट कळल्यावर पुन्हा वाचायची ओढ उरत नाही, त्यामुळे विकत घ्यायला हात आखडतो. पाठपुठ्ठ्याला चिकटवलेलं तारखांचं पत्रक शिक्क्यांनी भरून दुसरं लागतं. शिवण आधी शेवटच्या फॉर्म्याकडे (एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याकडे) सुटते, कारण धीर न धरवणारा वाचक शेवट आधीच उघडून बघतो. अशा प्रतीचं शेवटचं पान गळालं की पुस्तक हाती आलेल्या माणसाची अवस्था काय होते, ते ज्यानं वाचलंय त्यालाच विचारावं.

या वाचनालयांनी वाचकाला पहिला करार शिकवला तो रहस्यकथेचा. बाबूराव अर्नाळकरांनी (1906–1996) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांबरोबर वाढलेल्या पिढीला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली: खून झाला की खुनी सापडणार, आणि लेखक सगळे धागे जुळवून दाखवणार. हा वाचक भयकथेकडे आला तो हिशेब मागतच.

दुसरा करार मात्र छापील नव्हता. विहिरीवरच्या आसरा, पिंपळावरचा मुंजा, बांधावरचा म्हसोबा, यांच्या गोष्टी सांगणारा कधी उलगडा करत नाही. तो गाव सांगतो, माणसाचं नाव सांगतो, कुणाच्या मळ्यात ते सांगतो आणि थांबतो. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी तिकटीवर दहीभात, कापलेलं लिंबू, हळदकुंकू पडलेलं असतं. भूतबीत न मानणारा माणूसही दुचाकी थोडी वळवूनच घेतो. त्या अर्ध्या हाताच्या वळणात अख्खी भयकथा आहे, आणि तिला उलगडा नको असतो.

नारायण धारपांनी (1925–2008) हे दोन्ही वाचक एकाच पुस्तकाला बांधले, हे त्यांचं सर्वांत मोठं काम. त्यांच्या ‘समर्थ’ कथांत अमानवी शक्ती खरी असते, पण तिला नियम असतात, आणि ते नियम जाणणारा माणूस शांतपणे काम करतो. त्यामुळे हिशेब मागणाऱ्याला हिशेब मिळतो आणि अंधाराला कुणी खोटं ठरवत नाही. रत्नाकर मतकरींनी (1938–2020) गूढकथेत दुसरा मार्ग काढला. भीतीचं मूळ माणसाच्या मनात ठेवलं आणि शेवट उघडा सोडला. त्यांच्या वाचकाची प्रतिक्रिया बहुतेक वेळा उशिरा येते, पुस्तक मिटून दिवा घालवल्यावर.

धारपांवर इंग्रजीवरून उचलल्याचा आक्षेप जुनाच आहे. ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या 1975 सालच्या व्हॅम्पायर कादंबरीवर बेतलेली आहे, हे खरंच. पण रूपांतर कुठं फसतं, हे अशा पुस्तकांतूनच शिकायला मिळतं. कथानक सहज येतं, भूगोल येत नाही. बर्फ, तळघर, थडग्यांचं आवार उचलून मराठी गावात ठेवलं की वाचक घाबरायच्या आधी शंका काढतो. कोल्हापूरच्या आसपास भीतीची जागा ऊस आहे. आडसाली ऊस वर्षभरात डोक्याच्या वर जातो. शेतीपंपाची वीज पाळीनं रात्रीची असली की दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला, मध्यरात्री जावं लागतं. वारा पडलेला असतानाही वाळलेलं पाचट वाजतं, कारण खाली उंदीर, मुंगूस, साप काहीतरी असतंच, आणि अलीकडे गवाही असू शकतो. बॅटरीचा झोत दोन सरींपलीकडे पोचत नाही. ज्यानं हे अनुभवलंय त्याला ‘भेसूर’, ‘अमानवी’, ‘काळीज गोठवणारी’ ही विशेषणं पुरत नाहीत. वाजणं थांबलं, एवढंच लिहिलं तरी पुरतं.

विशेषणांचा मारा हा या प्रकारातला सर्वांत सार्वत्रिक दोष. लेखक वाचकाच्या वाटची भीती स्वतःच भिऊन टाकतो. दुसरा दोष भूत लवकर दाखवण्याचा. 200 पानांच्या कादंबरीत पन्नासाव्या पानावर ते पूर्ण दिसलं की उरलेली दीडशे पानं नुसता पाठलाग होतो. तिसरा, आणि तक्रारीला थेट कारण होणारा, म्हणजे नियम मोडणं. चाळिसाव्या पानावर राखेची रेघ ओलांडता येत नाही असं ठरलं असेल, तर एकशे ऐंशीव्या पानावर ती का ओलांडली याचं कारण लागतं. ते नसलं की उलगडा मागणारा आणि न मागणारा, दोघंही रागावतात.

गुंडाळण्याला छपाईचंही कारण आहे. फॉर्मा 16 पानांचा, म्हणजे 8 फॉर्म्यांची कादंबरी 128 पानांची. गोष्ट 135 पानांची झाली तर आणखी एक फॉर्मा लागतो, आणि कागद, छपाई, बांधणी सगळ्याचा खर्च वाढतो. मग शेवटच्या प्रकरणावर कात्री येते. दिवाळी अंकात तर पानं आधीच ठरलेली, जाहिराती आल्या की आणखी कमी. सुरुवात छाटायला कुणी धजत नाही, कारण वाचक तिथंच पकडायचा असतो.

कोल्हापुरात आणखी एक प्रश्न हमखास निघतो: असली पुस्तकं अंधश्रद्धा वाढवतात का? ज्या शहरात विवेकवादी विचारवंत गोविंद पानसरेंवर 16 फेब्रुवारी 2015 रोजी गोळ्या झाडल्या गेल्या, तिथं तो प्रश्न हलक्यानं घेता येत नाही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा भोंदूगिरी आणि अमानुष कृत्यांसाठी आहे, कल्पित कथेला तो लागू नाही. तरी फरक करायला हवा. संकटातून मांत्रिकाचा तोडगा सोडवतो, ती कादंबरी वाचकाला चुकीच्या दारात उभी करते, आणि कथा म्हणूनही ती लंगडी असते, कारण तयार तोडगा असला की पात्रांना काही करावंच लागत नाही.

‘तुंबाड’ (2018) चित्रपटामागे धारपांची एक कथा होती, हे कळल्यावर तरुण वाचक त्यांच्या पुस्तकांकडे वळले. बरेच जण आता हेडफोन लावून ऐकतात. ऐकताना वेग वाचून दाखवणाऱ्याच्या आवाजाचा असतो, त्यामुळे पानावर वाचकाच्या हातात गेलेला वेग परत कथेच्या हाती येतो. आणि शेवट आधी उघडून बघायची सवयही तिथं मोडते. पुढं सरकवून नेमकी जागा सापडत नाही, मग माणूस निमूट ऐकत राहतो आणि उलगड्याची पाच मिनिटं रटाळ असली तर ती पुरती पाचही सोसतो.