जहाजावरील उमेदवारी

सागरी शिक्षणसंस्थेतून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने अधिकारी होण्यापूर्वी व्यापारी जहाजावर प्रत्यक्ष काम करीत पुरी करावयाच्या ठरावीक मुदतीच्या शिकाऊ सेवेस जहाजावरील उमेदवारी म्हणतात. दर्यावर्दी मंडळींच्या बोलण्यात तिला ‘सी टाइम’ हेच नाव आहे. डेकवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या शाखेतल्या, उमेदवाराला डेक कॅडेट, तर इंजिनरूममधल्या उमेदवाराला ट्रेनी मरीन इंजिनियर म्हणतात. पदविका किंवा पदवी हाती असली, तरी ही सेवा पुरी झाल्याशिवाय सक्षमतेचे प्रमाणपत्र मिळत नाही आणि त्या प्रमाणपत्राशिवाय कोणालाही जहाजाचा वॉच (ठरावीक तासांची पहाऱ्याची पाळी) स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळता येत नाही.

या सेवेची किमान मर्यादा दर्यावर्दींचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे व वॉच यांविषयीच्या एसटीसीडब्ल्यू या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरवून दिली आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केलेल्या डेक कॅडेटला किमान १२ महिन्यांची सागरी सेवा लागते आणि तीत निदान सहा महिने अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या कक्षात) वॉच केलेला असावा लागतो; असा अभ्यासक्रम न करणाऱ्याला हीच मुदत ३६ महिन्यांची आहे. भारतात नॉटिकल सायन्सची तीन वर्षांची पदवी घेणाऱ्यास १२ महिने, तर एक वर्षाची पदविका करून जहाजावर जाणाऱ्यास १८ महिने सेवा करावी लागते. इंजिनियर शाखेत कार्यशाळेतील कामाचा काळही मोजला जात असल्यामुळे समुद्रावरची मुदत कमी, साधारण सहा महिन्यांची असते. या सर्व व्यवस्थेवर मुंबईतील नौवहन महासंचालनालयाचे नियंत्रण आहे.

भारतीय मुलांना ही वाट उशिरा मिळाली. रत्नागिरी जिल्ह्यातील खलाशी आगबोटींवर पिढ्यानपिढ्या राबत होते; त्यांच्यातून सारंग (खलाशांचा मुकादम), तांडेल (त्याचा मदतनीस), सुकाणी (सुकाणू धरणारा) होत, पण अधिकाऱ्यांच्या जागा बहुतांशी ब्रिटिशांकडेच राहत. १९२३ मध्ये नेमलेल्या भारतीय व्यापारी नौवहन समितीच्या शिफारशींनंतर १९२७ मध्ये मुंबई बंदरात माझगावजवळ ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. तिथले शिक्षण संपले तरी उमेदवारीसाठी जहाज कोण देणार, हा प्रश्न पहिल्या तुकड्यांपासून होताच, आणि तो सुटण्यास सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनसारख्या स्वदेशी कंपनीचा मोठा हातभार लागला. १९७२ मध्ये ‘डफरिन’ची जागा ‘राजेंद्र’ने घेतली, तर १९९३ पासून हे प्रशिक्षण नवी मुंबईत किनाऱ्यावर, ‘चाणक्य’ या संस्थेत होऊ लागले.

जहाजावर चढल्यावर कॅडेटचे शिक्षण पुस्तकापासून नव्हे, तर अंगमेहनतीपासून सुरू होते. गंज खरवडणे, रंग देणे, दोर सांभाळणे आणि गँगवेवर (जहाजावर चढण्याच्या जिन्यावर) पहारा देणे ही कामे तो बोसन या डेकवरच्या मुकादमाच्या हाताखाली शिकतो. टाक्यांचे साउंडिंग, म्हणजे टाकीत पाणी किती आहे ते मोजणे, हे त्याचे अगदी रोजचे काम. पितळी ओळंबा लावलेली पोलादी फीत डेकवरच्या नळीतून टाकीत सोडायची. ओळंबा तळाला टेकला की फीत सैल पडते आणि तो हलका ठोका बोटांना कळतो. मग फीत ओढून ओली खूण कुठवर आली ते वाचायचे, जहाज पुढे-मागे किती झुकले आहे ते पाहून कोष्टकातून टाकीतील पाण्याचे माप काढायचे आणि चीफ ऑफिसरकडे (कॅप्टनखालच्या डेक अधिकाऱ्याकडे) द्यायचे. नळीचे झाकण घट्ट बसवायचे राहिले, तर डेकवर येणारे समुद्राचे पाणी त्याच नळीतून टाकीत उतरते, हे प्रत्येक कॅडेटला पहिल्या आठवड्यातच बजावले जाते. बंद टाकीत एकट्याने उतरायचे नाही, ही त्याहून कडक ताकीद. गंजामुळे आतला प्राणवायू घटलेला असू शकतो, आणि तपासणी व लेखी परवानगी नसताना आत गेलेली माणसे जिवाला मुकली आहेत.

ब्रिजवरचे शिक्षण वेगळ्या प्रकारचे असते. पहाटे चार ते आठचा वॉच बहुधा चीफ ऑफिसरचा असतो आणि त्या वेळी तारे व क्षितिज दोन्ही दिसत असण्याचा अवधी मोजक्या मिनिटांचाच मिळतो. तेवढ्यात सेक्स्टंटने (ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजण्याच्या उपकरणाने) वेध घ्यायला शिकण्यासाठी कॅडेटला आदल्या दिवशीच ताऱ्यांची यादी काढून ठेवावी लागते. उपग्रहाद्वारे जहाजाचे स्थान क्षणात कळत असले, तरी हा सराव अजूनही आवश्यक मानला जातो, आणि तो योग्यच आहे, कारण उपग्रहाचा संदेश चुकला तर ती चूक ओळखण्याचे स्वतंत्र साधन अधिकाऱ्याकडे असायला हवे.

केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ट्रेनिंग रेकॉर्ड बुकमध्ये होते व अधिकारी तीवर सही करतो. या सह्या काम पाहून झाल्या की मुदत संपताना एकदम झाल्या, यावरच उमेदवारीचा खरा दर्जा ठरतो. कॅडेटला केवळ स्वस्त मजूर समजून महिनोन्महिने रंगकामालाच जुंपणे हा त्याच्यावर अन्याय आहे. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार त्यालाही २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे.

सर्वांत मोठी अडचण मात्र जहाज मिळण्याची आहे. शिक्षणसंस्थांतून बाहेर पडणारे विद्यार्थी आणि कॅडेटसाठी जहाजावर राखलेल्या जागा यांचा मेळ बसत नाही, त्यामुळे कर्ज काढून शिकलेली मुले घरी वाट पाहत बसतात. जहाजांच्या टनभारावरून कर आकारणाऱ्या टनभार करयोजनेत २००४ पासून कंपन्यांवर प्रशिक्षणाची किमान जबाबदारी घातलेली असली, तरी ही दरी मिटलेली नाही. याच अगतिकतेचा फायदा दलाल घेतात. भरतीबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेण्यास २००६ च्या सागरी कामगार करारानेच मनाई केली आहे. म्हणून ‘जहाज लावून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्याकडे महासंचालनालयाचा भरती परवाना आहे का, हे पाहण्याआधीच सावध झालेले बरे. खोट्या सेवेचे दाखले घेणाऱ्याचे तर सारे करिअरच धोक्यात येते.

सेवा पुरी झाल्यावर कॅडेट रेकॉर्ड बुक, सेवापुस्तिका व कॅप्टनचा दाखला घेऊन सेकंड मेटच्या, म्हणजे डेक अधिकाऱ्याच्या पहिल्या सक्षमता प्रमाणपत्राच्या, परीक्षेला बसतो. तोंडी परीक्षेत परीक्षक टेबलावर जहाजांच्या छोट्या प्रतिकृती मांडतो आणि कोणते जहाज कोणाला वाट देईल, दाट धुक्यात वेग किती ठेवाल, असे विचारत जातो. उत्तीर्ण झालेला उमेदवार बहुधा थर्ड ऑफिसर म्हणून पुढचे जहाज गाठतो आणि आठ ते बाराचा वॉच स्वतःच्या नावावर घेतो.