डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी का मारतात?

पाय लोंबते सोडून बसायला सांगतात, गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीने टक् करून मारतात आणि पाय आपला आपण पुढे उडतो. आपल्याला हसू येतं. डॉक्टर मात्र बघत असतात, पाय किती उडला आणि दोन्ही पाय सारखेच उडतात का.

हातोडी बसते ती मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीवर. कंडरा दबली की स्नायू जरासा ताणला जातो. त्या स्नायूच्या आतच ताण ओळखणारे बारीक तंतू असतात. त्यांची खबर मज्जातंतूतून थेट पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जाते. तिथे खबर आणणारा तंतू स्नायू हलवणाऱ्या चेतापेशीलाच जाऊन भिडतो, मधे कोणी दलाल नाही. उलट टपाली हुकूम सुटतो : आखड! त्याच वेळी मांडीच्या मागच्या स्नायूला ‘तू ढिला पड’ असा निरोप जातो, नाहीतर दोघांची रस्सीखेच झाली असती. हे सगळं सुरू व्हायला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग लागतो. मेंदूला कळतं, पण नंतर.

१८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी हा झटका स्वतंत्रपणे नोंदवला. गंमत म्हणजे वेस्टफालला ही प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे मज्जारज्जूतून आपोआप आलेलं उत्तर, वाटलीच नाही. स्नायूला धक्का बसला म्हणून तो आखडला, असं त्याचं म्हणणं. एर्बने ती प्रतिक्षिप्त क्रियाच मानली, आणि तोच बरोबर निघाला.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडे जाणारी केबल, असं आपण सर्रास म्हणतो. मला ते अपुरं वाटतं. करंगळीएवढी जाड, सुमारे ४५ सेंटिमीटर लांब अशी ही दोरी स्वतःच्या हिमतीवर बरंच काही निभावते. अनवाणी पाय काट्यावर पडला तर तो वर खेचला जातो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तेवढ्यात दुसरा पाय ताठ होऊन अंगाचा भार पेलतो, हे सहसा लक्षात येत नाही. तसं झालं नसतं तर काट्यापासून सुटून आपण तोंडावर आपटलो असतो. ‘आई गं’ तोंडून निघेपर्यंत हे उरकलेलंसुद्धा असतं.

मग मेंदूचं काम काय? बरंचसं आवरण्याचं. मेंदूकडून खाली येणारे निरोप या झटक्यांना लगाम घालत असतात. पक्षाघातात तो लगाम सुटला, की काही दिवसांनी त्या बाजूचा पाय हातोडीने जास्तच जोरात उडू लागतो. उलट, मज्जारज्जूकडे जाणारा किंवा तिथून येणारा मज्जातंतूच दुखावला असेल तर पाय थंडच राहतो. बिघाड वर आहे की खाली, याचा अंदाज एका टकटकीत येतो तो असा. कधीकधी ठणठणीत माणसाचाही पाय हलत नाही. तेव्हा डॉक्टर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतात आणि त्याच क्षणी हातोडी मारतात. पाय बहुतेक वेळा उडतो.

तळव्याची तपासणीही याच जातीची. टाचेपासून बोटांकडे टोकदार वस्तूने रेघ ओढली की मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. तो वर उठला तर मेंदूपासून खाली येणाऱ्या वाटेत कुठेतरी बिघाड आहे, हे बाबिन्स्की या डॉक्टरांनी १८९६ साली पॅरिसमध्ये दाखवलं. तान्ह्या बाळाचा अंगठा मात्र वरच जातो आणि त्यात काळजीचं काही नसतं. त्याची ती वाट अजून तयार व्हायची असते.