पुढच्या ब्रेकची नाहक भीती
रविवारी पहाटे जुन्या मुंबई–पुणे महामार्गाने लोणावळ्याकडे निघणाऱ्या बायकर ग्रुपमध्ये नव्या रायडरला हमखास सांगितले जाते की, पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, म्हणून पायाचाच, म्हणजे मागचा, ब्रेक वापरावा. हा समज चुकीचा आहे आणि जीवघेणाही. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे सरकते, फोर्क (पुढचे चाक धरणारे सस्पेन्शन) दबतो, पुढच्या टायरची पकड वाढते आणि मागचे चाक हलके होऊन सहज घसरते. त्यामुळे गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो. घात होतो तो हँडलवरची पुढच्या ब्रेकची लिव्हर एकदम आवळल्याने किंवा वळणावर, वाळूवर ब्रेक मारल्याने. पावसाळ्यात घाट उतरताना दोन बोटांनी लिव्हर हळूहळू दाबत न्यावी आणि मागचा ब्रेक सोबतीला ठेवावा. २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे, तरीही ओल्या रस्त्यावर थांबायला अंतर जास्तच लागते.