आर्थिक छळ (कौटुंबिक)

घरातल्या माणसाचा पैसा, मालमत्ता किंवा कमावण्याची वाट अडवून त्याला मुठीत ठेवणे म्हणजे आर्थिक छळ. भारतात या संज्ञेला कायद्याची व्याख्या मिळाली ती ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005’मुळे. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. कलम 3 ने आर्थिक छळाला मारहाणीच्याच पंक्तीला बसवले. हक्काचा पैसा, घरखर्च किंवा स्त्रीधन (तिला लग्नात व एरवी मिळालेले दागिने, भेटवस्तू) न देणे, तिचा हक्क असलेली मालमत्ता परस्पर विकणे, राहत्या घराचे दार बंद करणे हे सारे त्यात येते. पुरुषांचाही असा छळ होतो, मात्र या कायद्याखाली दाद स्त्रीलाच मागता येते.

‘पैशाचं सगळं हेच बघतात’ एवढ्यावरून छळ ठरत नाही. कितीतरी सुखी घरांत तसेच चालते. फरक कळतो तो पासबुक मागितल्यावर. ते समोर आले तर ती कामाची वाटणी. ‘तुला काय करायचंय?’ असे उत्तर दरवेळी येऊ लागले, तर मामला वेगळा. तिच्या पगाराचे एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात, खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक त्याचा, म्हणून ओटीपीही त्यालाच. आणि भाजीला दिलेल्या दोनशेतले सुटे रात्री ओट्यावर मोजून घेतले जातात. नोकरी सोडायला लावणे हा त्याचा सभ्य दिसणारा प्रकार. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून घेतलेली सही मात्र पतसंस्थेची नोटीस दारात येईपर्यंत विसरलेली असते.

बरेच तंटे स्त्रीधनाचे. लग्नातले दागिने ‘जपून ठेवायला’ सासूच्या कपाटात जातात आणि पुढे कधीतरी सोनेतारण कर्जासाठी बाहेर पडतात. प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार (1985) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की स्त्रीधनाची मालक पत्नीच. सासरच्यांकडे ते केवळ विश्वासाने सोपवलेले असते आणि बळकावल्यास फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. अडते ते पुराव्यावर. भेटवस्तूंची यादी करून तिच्यावर वधूवरांनी सह्या कराव्यात, असा नियम 1985 पासून आहे. आपल्याकडे ‘यादी पे शादी’ म्हणतात, पण ही यादी कोणी करत नाही. मग सराफाची जुनी पावती आणि लग्नाचा अल्बम हेच साक्षीदार. गोव्यात चित्र थोडे वेगळे: तिथल्या नागरी कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर मालमत्ता पतिपत्नींची सामाईक होते आणि पत्नीच्या संमतीशिवाय स्थावर विकता येत नाही.

दाद मागण्यासाठी 2005च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे त्याच कायद्याच्या कलम 12 खाली अर्ज करता येतो. संयुक्त खाते वा लॉकर परस्पर वापरण्यास मनाई, स्त्रीधनाची परतफेड, दरमहा निर्वाहखर्च आणि राहत्या घरातला निवारा असे आदेश मिळू शकतात. अर्ज 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. 181 ही महिला हेल्पलाइन आहे. मुंबई पोलीस आयुक्तालयात 1984 मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष हे या कामातले जुने नाव.

सावरण्याची सुरुवात बहुधा कागदांपासून होते. आधार, पॅन, पासबुक आणि पावत्यांचे फोटो माहेरी किंवा विश्वासू मैत्रिणीकडे ठेवले जातात. नवे खाते दुसऱ्या बँकेत, स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर. पगार तिकडे वळवायचा आणि जुन्या खात्यांवरचे नामनिर्देशन तपासायचे. कोणाच्या नावावर किती कर्ज आहे याची नोंद ठेवणाऱ्या कर्ज माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, त्यात आपल्या नावावरची अनोळखी कर्जे दिसतात. जामीनदाराची सही घटस्फोटानेही पुसली जात नाही. बँक वसुलीला तिच्याकडे येऊ शकते. म्हणून जाणते वकील पोटगीच्या आकड्याआधी हा अहवाल मागतात.