जपानी निसर्गमुद्राचित्रांतील रेषा : पार्श्वभूमी

जपानी लाकडी ठशांच्या चित्रांतली रेषा कुंचल्याची वाटते, पण कागदावर उमटते ती सुरीने राखलेली रेषा. चित्रकाराने पातळ कागदावर केलेले रेखाटन चेरीच्या फळीवर पालथे चिकटवले जाई आणि कोरणारा कारागीर प्रत्येक रेषेच्या दोन्ही अंगांचे लाकूड काढून ती तेवढी उंच ठेवी. या कामात मूळ रेखाटन नष्टच होई. त्यामुळे ज्या रेषेला आपण चित्रकार होकुसाईची रेषा म्हणतो, तिच्यात त्या कारागिराचाही हात आहे.

सतराव्या शतकातले ठसे एकट्या काळ्या शाईचे असल्याने सगळा भार रेषेवरच होता. १७६५ च्या सुमारास, चित्रकार सुझुकी हारुनोबूच्या काळात, बहुरंगी छपाई रूढ झाली; तरी काळ्या रेषेची मुख्य फळी आधी कोरायची आणि रंगाच्या फळ्या तिच्यावरून बेतायच्या, हा क्रम टिकून राहिला.

१८३० नंतर मात्र निसर्गदृश्य हा स्वतंत्र विषय म्हणून लोकप्रिय झाला आणि रेषेचे कामही बदलले. होकुसाईच्या फुजी पर्वताच्या मालेचे नाव ‘छत्तीस दृश्ये’ असले तरी चित्रे ४६ आहेत. पहिल्या छत्तीसांतल्या बाह्यरेषा निळ्या छापल्या गेल्या, पुढे भर घातलेल्या दहांतल्या काळ्या. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण काळी रेषा डोंगराला आकाशापासून तोडते, तर निळी रेषा त्याला हवेतच राहू देते.

चित्रकार हिरोशिगेने १८५७ साली एदोतील (आजचे टोकियो) आताके येथील पुलावरच्या अवचित सरीचे चित्र छापवले, तेव्हा तर रेषा हाच पाऊस झाला. पुलावर छत्र्या आणि गवती टोप्यांखाली वाकून धावणारी माणसे, खाली नदीत एकटा तराफेवाला, आणि या सर्वांवरून तिरप्या उतरणाऱ्या केसाएवढ्या बारीक रेघा. या रेघा दोन वेगळ्या फळ्यांवरून, किंचित निराळ्या कोनांत छापलेल्या असल्यामुळे पावसाला खोली येते; पलीकडच्या तीराला मात्र बाह्यरेषा जवळजवळ नाहीच, नुसती करडी छाया आहे. इतके नाजूक लाकडी कंगोरे छापता छापता झिजतात, म्हणूनच अशा चित्रांची सुरुवातीची प्रत ओळखताना जाणकार रेषांची धार पाहतात.