डूम २०१६ आणि डूम इटर्नल: सख्खे भाऊ, चाली वेगळ्या

गणपतीला देवगडच्या घरी जमलो की आरत्या आटोपल्यावर मी आणि माझा मामेभाऊ डूम लावतो, राक्षसांना गोळ्या घालायचा व्हिडिओ गेम. यंदा त्याने पहिल्यांदाच त्याचा पुढचा भाग ‘डूम इटर्नल’ घेतला आणि दहा मिनिटांत वैतागला, “दादा, गोळ्याच नाय पुरत!” २०१६ चा ‘डूम’ त्याने दोनदा संपवलाय. नेम पक्का, हात चपळ. तरी अडला, कारण तो इटर्नलमध्ये २०१६ चाच गेम खेळत होता.

२०१६ मध्ये वाटेत गोळ्या भरपूर सापडतात. आवडीची बंदूक धरायची, माझी सुपर शॉटगन, आणि येईल त्याला तिनेच आडवं करायचं. अगदीच खडखडाट झाला तरी पिस्तूल असतं. त्याच्या गोळ्या कधी संपत नाहीत. चेनसॉचं, म्हणजे साखळी-करवतीचं, इंधन मात्र शोधून आणावं लागतं, म्हणून ती आपण मोठ्या राक्षसासाठी राखून ठेवतो.

मार्च २०२० मध्ये आलेल्या इटर्नलमध्ये ही राखून ठेवायची सवयच घात करते. इथे पिस्तूल नाही. सुरुवातीला शॉटगनची १६ च काडतुसं बाळगता येतात. पण चेनसॉच्या इंधनाचा एक खण आपोआप भरत राहतो आणि तेवढ्यात एक किरकोळ राक्षस कापता येतो. कापला की गोळ्या उसळून बाहेर पडतात. म्हणजे चेनसॉ ही विहीर. पोहरा सारखा सोडत राहायचा. चिलखत हवं तर खांद्यावरच्या नळीतून आगीचा फवारा मारायचा आणि पेटलेल्या राक्षसांना झोडायचं. ग्लोरी किलने, म्हणजे लटपटलेल्या राक्षसाला जवळ जाऊन हातानेच संपवल्याने, जीव भरतो, हे तेवढं दोन्हीकडे सारखं.

बंदुकांचंही तसंच. इटर्नलमध्ये कॅकोडेमन नावाच्या राक्षसाच्या उघड्या तोंडात ग्रेनेड टाकला की तो लगेच ग्लोरी किलला तयार होतो. अरॅक्नोट्रॉन या दुसऱ्या राक्षसाची पाठीवरची तोफ आधी उडवली नाही तर तो दुरून भाजून काढतो. एकाच बंदुकीवर प्रेम करून इथे भागत नाही.

पळण्यात फरक आहे तो डॅशचा, म्हणजे झटक्यात मारलेल्या झेपेचा. २०१६ मध्ये दुहेरी उडी होती. इटर्नलमध्ये तिच्या जोडीला हवेतसुद्धा सलग दोन डॅश मारता येतात. खो-खोत अंगावर आलेल्याला हुलकावणी देतात, अगदी तसं. मरॉडर या शत्रूबद्दल बरेच जण कुरकुरतात. मला तो फार आवडतो. जवळ गेलात तर शॉटगन झाडतो, लांब राहिलात तर कुऱ्हाडीने ऊर्जेचे झोत फेकतो. मधलं अंतर धरलं की कुऱ्हाड उगारताना त्याचे डोळे हिरवे चमकतात. त्या क्षणी गोळी घालायची. एरवी ढाल आडवी.

(१९९३ च्या मूळ डूममध्ये तर उडीच नव्हती आणि वर-खाली नेम गेम स्वतःच धरायचा.)

भावाला मी एवढंच सांगितलं: काडतुसं पाचाच्या खाली आली की मोठ्या राक्षसाकडे पाठ फिरव आणि जवळचा झॉम्बी काप. पहाटे दोनपर्यंत तो उठला नाही.